आईच्या नावानं सोसायटीची नोटीस आली आहे: कमिटी मेंबरची कायदेशीर जबाबदारी नेमकी किती?

विजापूररोडकर

नमस्कार मंडळी. सोसायटीच्या कामाची माहिती असणाऱ्यांनी कृपया वेळ काढून वाचा, फार अस्वस्थ होऊन लिहितोय.

आमची सोसायटी सोलापुरात विजापूर रोडला आहे, ४२ फ्लॅट. आई ६७ वर्षांची, झेडपीच्या शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका. मागच्या कमिटीत ती महिला राखीव जागेवर होती. तिला स्वतःला यायचं नव्हतं. "मॅडम, नुसतं नाव द्या, काम सगळं आम्ही बघतो" असं अध्यक्ष घरी येऊन म्हणाले आणि शेजारधर्म म्हणून ती हो म्हणाली. पाच वर्षं मीटिंगला गेली आणि वही पुढे आली की सही केली.

सोलापूरच्या पाण्याचं तुम्हाला सांगायला नको. नळाला चार-पाच दिवसांआड पाणी, उन्हाळ्यात तेही पुरत नाही, मग टँकर. तीन वर्षांत टँकरवर ६ लाख ४० हजार रुपये खर्च दाखवला आहे, सगळा रोखीनं. पावत्या जवळपास नाहीत. गच्चीचं वॉटरप्रूफिंग २ लाख ८५ हजारांना दिलं, तेही कोटेशन न मागवता अध्यक्षांच्या नातेवाइकाला. दोन वर्षं वार्षिक सभा झाली नाही. मुदत संपली तरी निवडणूक घेतली नाही. काही सभासदांनी तक्रार केली, प्रशासक आले, ऑडिट झालं, चौकशी झाली. आता सहकार कायद्याच्या कलम ८८ ची नोटीस कमिटीतल्या नऊही जणांना आली आहे, की ही रक्कम तुमच्याकडून का वसूल करू नये. अध्यक्ष फ्लॅट विकून पुण्याला गेले.

आई दोन दिवस नीट जेवलेली नाही. एकच विचारते, "मी एक रुपया तरी घेतला का रे?" तिनं घेतलेला नाही, हे मला माहीत आहे. कायद्याला त्याचा काही उपयोग आहे का, हे जाणकारांनी सांगावं.

सातरस्ता

काळजी करू नका ओ. चेकवर सही अध्यक्ष, सचिव, खजिनदाराची असते. बाकीचे मेंबर नावाला असतात, त्यांना काही होत नाही. काकूंना सांगा निवांत जेवा म्हणून.

निवृत्त_लेखापरीक्षक

सातरस्ता, तुमचा हेतू चांगला आहे, पण हा सल्ला धोक्याचा आहे. याच समजुतीवर विसंबून नोटिशीला उत्तर न देणारी माणसं मी नोकरीत कितीतरी पाहिली.

महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० मध्ये कलम ७३ ला '१एबी' असं पोटकलम आहे. कमिटीनं आपल्या मुदतीत घेतलेल्या सर्व निर्णयांना आणि संस्थेच्या हिताला बाधक ठरलेल्या प्रत्येक कृतीला किंवा चुकीला सर्व सदस्य संयुक्तपणे आणि वैयक्तिकरीत्या जबाबदार असतात, असं ते सांगतं. 'वैयक्तिकरीत्या' हा शब्द लोक वाचतच नाहीत. नऊपैकी आठ जण सापडले नाहीत तर नवव्याकडून पूर्ण रक्कम मागता येते, इतका त्याचा अर्थ खोल आहे. एम-२० बंधपत्र (ही जबाबदारी मान्य असल्याचं सदस्याचं हमीपत्र) लिहून दिलं होतं की नाही यावर लोक वाद घालत बसतात. बंधपत्र असो वा नसो, जबाबदारी कलमातूनच येते.

चेकवर सही कुणाची, हा प्रश्न बँकेपुरता. तुमच्या आईंची सही इतिवृत्तावर आहे आणि कायदा ती सही बघतो.

मात्र त्याच पोटकलमात तीन दारंही ठेवली आहेत. ठरावाला विरोध असेल आणि तो इतिवृत्तात नोंदवला असेल, तर तो सदस्य त्या ठरावाला जबाबदार राहत नाही. हवं असल्यास तो सात दिवसांत सहकारी संस्थांच्या निबंधकांना आपलं भिन्नमत लेखी कळवू शकतो. दुसरं, सदस्य सभेला हजरच नसेल आणि नंतरही त्या सभेचं इतिवृत्त त्यानं कायम (म्हणजे पुढच्या सभेत मंजूर) केलं नसेल, तर त्या सभेतल्या कामकाजाची जबाबदारी त्याच्यावर येत नाही. तिसरं, जबाबदारी निश्चित करण्याआधी निबंधकांना दप्तर तपासावंच लागतं. नुकसान सदस्यांच्या कृतीनं झालं की नैसर्गिक आपत्ती, अपघात किंवा त्यांच्या हाताबाहेरच्या कारणानं झालं, हे ठरवावं लागतं.

म्हणून आधी इतिवृत्ताची पुस्तकं मिळवा आणि प्रत्येक सभेचं पान काढून बघा. आई हजर होत्या का, सही कुठे आहे, काही बोलल्याची नोंद आहे का. इथे भावनेपेक्षा ते पान जास्त बोलेल.

काळाकोट

वकिली करतो, सहकारातली प्रकरणं बघतो. वरचा प्रतिसाद बरोबर आहे, त्यात कार्यवाहीची भर घालतो.

आलेली आहे ती नोटीस. आदेश अजून झालेला नाही. कलम ८८ खाली प्राधिकृत अधिकारी आधी दोषारोप ठेवतात, म्हणणं मांडायची संधी देतात आणि मगच पैसे परत करण्याचा किंवा नुकसानभरपाईचा आदेश होतो. विरुद्ध आदेश झाला तरी कलम १५२ खाली दोन महिन्यांत अपील करता येतं. पण उत्तरच दिलं नाही, तर अपिलात सांगण्यासारखं फार काही हातात उरत नाही.

उत्तर आईंचं स्वतंत्र जाऊ द्या. बाकीचे म्हणतील, एकच उत्तर सगळ्यांच्या सह्यांनी देऊ, वकील एकच करू, खर्च वाचेल. तसं करू नका. अध्यक्षांचा बचाव आणि आईंचा बचाव एकमेकांच्या विरोधात जाऊ शकतो. ऑडिट अहवाल, चौकशी अहवाल आणि दोषारोपाची प्रत लेखी अर्जानं मागा, अर्जाची पोच घ्या. मुदत कमी असेल तर मुदतवाढीचा अर्ज मुदत संपायच्या आत द्या.

दप्तर जुन्या अध्यक्षांकडे अडकलं असेल तर नव्या कमिटीनं कलम ८० खाली अर्ज करावा. दप्तर ही संस्थेची मालमत्ता आहे. घरी नेऊन ठेवायचा हक्क कुणालाच नाही.

एक रुपया घेतला नाही, या मुद्द्याचा उपयोग आहे. अपहार आणि निष्काळजीपणा यांत फरक आहे आणि फौजदारी अंगानं तो फरक फार मोठा आहे. कलम ८८ मध्ये मात्र निष्काळजीपणानं झालेलं नुकसानही येतं. हे आईंना आत्ताच नीट समजावून सांगा. सुनावणीत पहिल्यांदा ऐकलं तर त्या खचतील.

कंबरतलाव

मला हे वाचून राग येतोय आणि तो खरा आहे म्हणून लिहितो. पगार नाही, भत्ता नाही. रात्री अकराला लिफ्ट बंद पडली की फोन कमिटीला. थकबाकी मागायला गेलं की शिव्या कमिटीला. आणि वर नऊ जणांनी मिळून भरा. असं असेल तर कोण शहाणा माणूस उभा राहील? आमच्याकडे गेल्या निवडणुकीत जागा अकरा आणि अर्ज सहा आले.

निवृत्त_लेखापरीक्षक

कंबरतलाव, तुमचा राग समजतो. पण दुसऱ्या बाजूनं बघा. ४२ कुटुंबांनी महिन्याला भरलेला मेंटेनन्स हा परक्याचा पैसा आहे. त्यात पेन्शनवर जगणारे आहेत, हप्ते फेडणारे आहेत. तो सांभाळणाऱ्याला पगार नाही म्हणून हिशेबही नाही, असं ते लोक मान्य करतील का? पाच वर्षांत पावती बघायला मागणारा एक जरी सदस्य नऊ जणांत असता, तर हे प्रकरण पहिल्याच उन्हाळ्यात थांबलं असतं. म्हणूनच कायदा गप्प बसणाऱ्यालाही धरतो. कठोर आहे, पण कारणाशिवाय नाही.

जुळेसोलापूरकर

आमच्या ६० फ्लॅटच्या सोसायटीत सात वर्षं सचिव आहे. कंबरतलाव, भीती मलाही वाटायची. लिहून ठेवायची सवय लागली तशी ती गेली.

टँकरचंच सांगतो, कारण सोलापुरात निम्म्या सोसायट्यांचा पैसा तिथेच जातो. आमच्याकडे गेटवर एक रजिस्टर आहे. तारीख, वेळ, गाडी नंबर, किती लिटर, ड्रायव्हरची सही, वॉचमनची सही आणि त्या वेळी खाली असलेल्या कुठल्याही एका सभासदाची सही. महिनाअखेरीला पुरवठादाराचं बिल त्या रजिस्टरशी जुळलं तरच पैसे, तेही चेकनं. उपविधीप्रमाणे किरकोळ खर्च सोडला तर प्रत्येक देणं चेकनंच द्यायचं असतं. "टँकरवाला चेक घेत नाही" हे मी पण ऐकलं होतं. दोघांनी नाही म्हटलं, तिसऱ्यानं घेतला.

दुसरं, पाणी. थकबाकीदाराचं पाणी तोडायचं नाही. आमच्या कमिटीत एकदा तसा ठराव मांडला होता, मी विरोध नोंदवला. पाणी ही जीवनावश्यक गोष्ट आहे, ते तोडून उलट कमिटीच अडचणीत येते. वसुलीसाठी कलम १५४ब-२९ आहे. ठराव, मागणी नोटिसा, खातेउतारा लावून अर्ज केला की वसुली दाखला मिळतो आणि जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसुली होते. वेळ लागतो, पण रस्ता सरळ आहे. आमचे दोन जुने थकबाकीदार त्यावरच मिटले.

आता जी गोष्ट सांगायची म्हणून मुळात लिहायला बसलो ती. हद्दवाढ भागात अजून कितीतरी इमारतींना सेप्टिक टँक आहेत. आमचा तुंबला तेव्हा खजिनदारांनी दोन पोरांना बोलावलं, १,५०० रुपयांत आत उतरून साफ करतो म्हणाले. मी ऑफिसातून पळत आलो आणि झाकण लावायला लावलं. २०१३ च्या हाताने मैला उचलणाऱ्यांबाबतच्या कायद्यानं माणसाला अशा टाकीत साधनांशिवाय उतरवणं हा गुन्हा आहे. पहिल्याच वेळी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. सर्वोच्च न्यायालयानं २०२३ मध्ये अशा मृत्यूची भरपाई ३० लाख रुपये केली. पण दंड बाजूला ठेवा. ती पोरं विशीतली होती. आत वायू साठलेला असतो, माणूस दोन मिनिटांत बेशुद्ध पडतो, त्याला काढायला दुसरा उतरतो आणि तोही जातो. यंत्राच्या गाडीला आम्हाला त्या दिवशी काही हजार लागले. पुढच्या सभेत एकानं विचारलं, एवढा खर्च कशाला. मी उत्तर दिलं आणि ते उत्तर शब्दशः इतिवृत्तात लिहिलं.

चारहुतात्मे

प्रशासकाबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून माझा अनुभव. आमच्या सोसायटीवर दीड वर्षापूर्वी कलम ७७अ खाली प्रशासक होते. लोकांना वाटतं प्रशासक आले म्हणजे मालक आले. तसं नाही. कमिटीचे अधिकार त्यांच्याकडे येतात आणि कमिटीची कर्तव्यंही. दप्तर ताब्यात घेणं, ऑडिट, सभा आणि मुख्य म्हणजे निवडणूक लावून बाजूला होणं. मोठी कामं, नवी कर्जं हे त्यांनी रेटायचं नसतं, ते निवडून आलेल्या कमिटीचं आणि सर्वसाधारण सभेचं काम. कलम ७२ प्रमाणे अंतिम अधिकार सर्वसाधारण सभेचाच. कलम ८८ चे शब्दही 'व्यवस्थापनात भाग घेतलेली कोणतीही व्यक्ती' असे आहेत, त्यामुळे प्रशासकही हिशेबातून सुटत नाहीत. आमचे प्रशासक चांगले होते, प्रत्येक व्हाउचर फाईलला लावून गेले.

शेळगीकर

आमच्या इमारतीचं अपार्टमेंटचं घोषणापत्र झालेलं आहे, सोसायटी नोंदलेली नाही. आम्हालाही हेच लागू का?

काळाकोट

नाही. तुमच्याकडे महाराष्ट्र अपार्टमेंट ओनरशिप ॲक्ट, १९७० लागू. तुमचा आधार म्हणजे घोषणापत्र आणि त्याला जोडलेले उपविधी. सोलापुरात हा घोळ फार आहे, लोक अपार्टमेंटला सोसायटी म्हणतात आणि चुकीच्या कार्यालयात चपला झिजवतात. आधी नोंदणीचा कागद बघा. वेगळा धागा काढा, तिथे सविस्तर लिहितो.

विजापूररोडकर

सगळ्यांचे मनापासून आभार. तीन आठवड्यांनी लिहितोय, कारण मधे फक्त कागदच वाचत होतो.

प्रशासकांनी जुन्या अध्यक्षांकडून दप्तर आणलेलं होतं, नव्या कमिटीनं प्रती दिल्या. मी आणि आईनं मिळून ५१ मीटिंगची पानं काढली. लेखापरीक्षक काकांनी सांगितलं तसं प्रत्येक पान तपासलं.

गच्चीच्या कामाचा ठराव झाला त्या मीटिंगला आई नव्हती. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, डिस्चार्ज कार्ड आहे. पुढच्या मीटिंगला, जिथे ते इतिवृत्त कायम झालं, तिथेही ती नव्हती. त्या दोन्ही पानांवर तिची सही नाही.

टँकरचं मात्र तसं नाही. पहिला रोख खर्च मंजूर झाला त्या मीटिंगला ती लातूरला ताईच्या बाळंतपणाला गेली होती. मला वाटलं इथेही सुटली. पण पुढच्या मीटिंगला ती हजर होती आणि विषय क्रमांक १ होता, 'मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे'. खाली तिची सही. ते पान बघून आई बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "शाळेत मुलांना सांगायची, वाचल्याशिवाय सही करू नका."

एक गोष्ट सापडली. कमिटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दुसऱ्या उन्हाळ्यात तिनं लिहिलं होतं, "टँकरच्या पावत्या फाईलला लावल्या का? सभेत कुणी विचारलं तर उत्तर काय द्यायचं?" अध्यक्षांनी नुसता अंगठा टाकला. याचा उपयोग होईल का?

काळाकोट

भिन्नमत म्हणून होणार नाही, कारण कायद्याला ते इतिवृत्तात हवं. पण आईंनी डोळे झाकून घेतले नव्हते, विचारणा केली होती, हे त्यातून दिसतं. उत्तरात जोडा. मोबाईल बदलू नका, काही डिलीट करू नका. नुसता स्क्रीनशॉट पुरत नाही, प्रमाणपत्रासह द्यावा लागतो, ते मी सांगतो कसं करायचं.

गच्चीचा मुद्दा भक्कम आहे. तो उत्तरात पहिला घ्या.

जुळेसोलापूरकर

विजापूररोडकर, पावत्या नाहीत हे ठीक, पण टँकर आले तर होते ना? तुमचा त्या वेळचा वॉचमन कोण होता? बहुतेक वॉचमन स्वतःपुरती एखादी वही ठेवतात. पुरवठादाराकडेही नोंद असते. सगळे ६ लाख ४० हजार हवेत गेले, असं कुणीच म्हणू शकत नाही. जेवढं पाणी खरंच आलं तेवढं नुकसान नाही.

विजापूररोडकर

जुळेसोलापूरकर, तुमचे उपकार कसे फेडू कळत नाही.

वॉचमन मामा आता अक्कलकोट रोडला एका गोडाऊनवर आहेत. आईला घेऊन गेलो. त्यांच्याकडे तीन शाळकरी वह्या आहेत, कारण रात्री-अपरात्री टँकर आला की मोटार चालू करायचे ५० रुपये त्यांना वेगळे मिळायचे आणि त्याचा हिशेब ते ठेवत. तारीख आणि गाडी नंबर, बस, एवढंच. आईनं तिथेच खाटेवर बसून मोजले. ४११ टँकर. त्या वेळी पाच हजार लिटरच्या टँकरचा दर ९०० रुपये होता, म्हणजे ३ लाख ६९ हजार ९००. दोन पुरवठादारांपैकी एकानं आपल्या वहीचा उतारा सही करून दिला, त्यातल्या तारखा वॉचमन मामांच्या वहीशी जुळतात. म्हणजे जिथं हिशेबच नाही अशी रक्कम २ लाख ७० हजारांच्या आसपास उरते.

परवा पहिली सुनावणी झाली. आई स्वतः बोलली. गच्चीच्या ठरावाबद्दल दोन्ही पानं दाखवली. टँकरबद्दल तिनं सांगितलं की सही माझीच आहे, वाचून केली नाही, ही चूक मी नाकारत नाही. पण किती पाणी आलं ते या वह्यांत आहे, ते बघून रक्कम ठरवा. अधिकाऱ्यांनी वह्या दाखल करून घेतल्या, पुरवठादाराला समन्स काढतो म्हणाले. अध्यक्षांच्या वतीनं कुणी आलं नव्हतं. त्यांना पुन्हा नोटीस निघणार आहे.

वकील साहेब म्हणतात, उरलेल्या रकमेत आईवर काहीच येणार नाही असं सांगता येत नाही. तिलाही ते समजावलं आहे. ती आता जेवते.

कंबरतलाव

काकूंना माझा नमस्कार सांगा. जुळेसोलापूरकर, तुमच्या टँकर रजिस्टरच्या एका पानाचा फोटो टाकता का? आमच्याकडे पुढच्या रविवारी कमिटीची मीटिंग आहे, मी विषय म्हणून मांडतो. आणि अग्निशमन यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं ते जानेवारी-जुलैचं 'ब' प्रमाणपत्र कुणाकडून घेता? आमच्याकडे गड्ड्याच्या (सिद्धेश्वर यात्रेच्या) धावपळीत जानेवारीचं दोन वर्षं राहून गेलंय. आज फाईल काढून बघितली तेव्हा कळलं.

जुळेसोलापूरकर

फोटो रात्री टाकतो, सभासदांची नावं झाकून. प्रमाणपत्र शासनाच्या परवानाधारक एजन्सीकडूनच घ्या, परवान्याची प्रत मागून फाईलला लावा. २००६ च्या अग्निसुरक्षा कायद्यानं ती जबाबदारी मालक किंवा भोगवटादाराची आहे, म्हणजे तुमच्या बाबतीत सोसायटीचीच. आणि इमारत १५ वर्षांच्या पुढे गेली असेल तर स्ट्रक्चरल ऑडिटची तारीखही बघून ठेवा, ३० वर्षांपर्यंत दर पाच वर्षांनी आणि त्यानंतर दर तीन वर्षांनी. तुमची कधीची?

कंबरतलाव

२००३ ची. एकदाही झालेलं नाही. रविवारच्या विषयपत्रिकेत हेही घालतो.

विजापूररोडकर

पुढची तारीख १४ ला आहे. झाली की लिहितो. आई म्हणते, वॉचमन मामांच्या वह्यांची झेरॉक्स काढून नव्या कमिटीलाही एक संच द्यायचा आहे. उद्या सकाळी तेच काम.